‘कळवलं होतं’ एवढ्याने भागत नाही

ताई, सप्रेम नमस्कार.

मी सत्तावीस वर्षांची आहे. ऐरोलीत राहते आणि महापेच्या एका कंपनीत काम करते. आमचं सॉफ्टवेअर मालवाहतुकीच्या पावत्या आणि बिलं बनवतं. ग्राहकांकडचे डेव्हलपर त्यांचे प्रोग्राम आमच्या एपीआयला, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामनी आमच्या सॉफ्टवेअरशी बोलायच्या दाराला, जोडतात, काही जण थेट, काही जण आमच्या छोट्या लायब्ररीमार्फत, म्हणजे तयार कोडच्या संचामार्फत. असे दोनशेच्या आसपास ग्राहक आहेत. तळोजा, तुर्भे, भिवंडी इकडचे बरेच.

आमच्याकडे लॉगिनची जुनी पद्धत आहे, प्रत्येक रिक्वेस्टबरोबर युजरनेम आणि पासवर्ड पाठवायचा. ती बंद करून टोकन, म्हणजे पासवर्डऐवजी पाठवायची लांबलचक किल्ली, आणायचं ठरलंय. निर्णय बरोबर आहे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ग्राहकांना कळवायचं काम माझ्याकडे आलं. सहा महिन्यांत मी तीन ईमेल पाठवले, डॉक्युमेंटेशनच्या पानावर लाल अक्षरात ‘डेप्रिकेटेड’ असं टाकलं. तरी निम्म्याहून जास्त ग्राहक अजून जुन्याच पद्धतीवर आहेत. मागच्या महिन्यात टेस्ट सर्व्हरवरून ती काढली, तर भिवंडीच्या एका ग्राहकाकडच्या डेव्हलपरचा फोन आला. “मॅडम, आम्हाला कोणी सांगितलंच नाही,” म्हणाला, आणि खूप बोलला. आमचे सर म्हणतात, “तीन मेल गेलेत. आपण कळवलंय. येत्या ३१ मार्चला काढून टाक.”

मला रात्री झोप लागत नाही. चूक माझी आहे का? आणि आता असं काय लिहू, की ते लोक वाचतील? तुम्ही मला ‘तू’ म्हटलंत तर बरं वाटेल.

– एक वाचक, ऐरोली

अगं, आधी तुझ्या पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर देते. तू तेच केलंस जे जवळजवळ प्रत्येक कंपनीत केलं जातं, आणि तेवढं पुरत नाही हे तुला कोणी शिकवलं नव्हतं. तीन मेल गेले हे खरं. भिवंडीच्या त्या माणसाला कोणी सांगितलं नाही, हेही खरं. तुझे मेल कुठल्या पत्त्यावर गेले ते एकदा काढून बघ. खातं उघडताना जो पत्ता भरला होता तोच असणार. तो मालकाचा असेल, हिशेब बघणाऱ्याचा असेल, नाहीतर चार वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या एखाद्या मुलाचा. ज्याच्या हाताने कोड बदलायचा आहे त्याचा पत्ता तुमच्याकडे बहुधा नाहीच.

हे मी अंदाजाने म्हणत नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत होते. आमची बिलं छापायची एक लायब्ररी होती आणि तिच्यात तारीख लिहिणारं एक जुनं, चुकांनी भरलेलं फंक्शन होतं. ते आम्ही डेप्रिकेट केलं, दोन वर्षं वॉर्निंग दिली, मेल पाठवला, आणि मग नव्या आवृत्तीतून काढून टाकलं. पहाटे साडेतीनला फोन. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमधल्या एका वाहतूकदाराची बिलं निघत नव्हती, म्हणून गाड्या उभ्या होत्या. मी नौपाड्यातून रिक्षा करून पाचच्या आत तिथे पोचले.

त्यांच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर लॉग फाइल, म्हणजे प्रोग्रामची नोंदवही, उघडली. आमची वॉर्निंग तिथे होती, दर बिलामागे एक ओळ, दोन वर्षं. फाइल इतकी फुगली होती की उघडायलाच काही मिनिटं लागली. ती याआधी कोणी उघडलीच नव्हती. प्रोग्राम लिहिणारा मुलगा पुण्याला निघून गेला होता. मग शेठनी स्वतःचा मेलबॉक्स दाखवला. आमचा मेल त्यांनी उघडला होता, वाचला होता, आणि आपल्या सीएकडे पाठवून दिला होता. “मॅडम, डेप्रिकेटेड म्हणजे घसाराच ना?” त्यांनी अगदी मनापासून विचारलं. आयुष्यभर ताळेबंदात डेप्रिसिएशन बघितलेल्या माणसाने दुसरं काय समजायचं? त्यांनी त्यांच्या परीने पूर्ण काळजी घेतली होती. कमी पडलो होतो ते आम्ही. मी तिथेच त्यांच्या खुर्चीवर बसून जुनं फंक्शन परत घातलं आणि साडेसहाला पहिलं बिल निघालं.

त्या दिवसापासून माझ्या कामाच्या वहीत ‘कळवलं’ असा रकाना नाही. ‘कोणाचं उत्तर आलं’ असा आहे.

आता त्या शब्दाचंच बघ. आपण दिवसभर ‘डेप्रिकेट केलं’ म्हणतो, आणि आपल्यातसुद्धा निम्म्यांना वाटतं की त्याचा अर्थ ‘काढलं’. तो तसा नाही. डेप्रिकेटेड म्हणजे आज चालतंय, पण नव्या कामात वापरू नका, पुढे जाणार आहे. काढणं ही वेगळी पायरी आहे आणि तिची तारीख वेगळी असते. हा फरक धूसर ठेवला की काय होतं ते जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत दिसलं. चालू थ्रेड (प्रोग्राममधलं एक सलग काम) मधेच थांबवणारी ‘स्टॉप’ ही मेथड १९९८ मध्ये डेप्रिकेट झाली, कारण तिच्यामुळे डेटा अर्धवट अवस्थेत राहायचा. पण ती तशीच पडून राहिली. अशा कितीतरी मेथड वर्षानुवर्षं राहिल्या, आणि डेव्हलपर मंडळींनी त्यातून धडा घेतला की डेप्रिकेटेड म्हणजे काही होत नाही, वापरा बिनधास्त. शेवटी २०१७ च्या जावा ९ मध्ये ‘ही खरोखर काढली जाणार आहे’ अशी वेगळी खूण द्यावी लागली. ‘स्टॉप’ला हाक मारली की नुसती एरर, हे व्हायला २०२३ उजाडलं. पंचवीस वर्षं! तुझ्या लाल अक्षरांकडे लोकांनी बघितलं नाही, त्यात या सगळ्याचाही वाटा आहे. त्यांनी अशी लाल अक्षरं आयुष्यात शेकड्याने पाहिली आहेत आणि त्यातल्या फार थोड्यांनी पुढे काही केलं.

म्हणून तुझ्या पत्रात तो शब्द नको. “बंद होणार आहे” असं लिही, तारखेसकट.

पण पत्र लिहायला बसण्याआधी एक काम कर, आणि माझ्या या सगळ्या उत्तरातलं हे एक तरी नक्की कर. एका ग्राहकाचा प्रोग्राम तू स्वतः जुन्या पद्धतीवरून नव्यावर नेऊन बघ. तुमच्या ऑफिसातला नमुना प्रोग्राम त्यासाठी चालणार नाही, खऱ्या ग्राहकाचा हवा. भिवंडीवाल्यालाच विचार, “मी येऊन तुमच्याबरोबर बसते, आपण मिळून बदलू.” घड्याळ लावून बस. माझी खात्री आहे की तुमच्या डॉक्युमेंटेशनमध्ये ‘फक्त हेडर बदला’, म्हणजे रिक्वेस्टच्या माथ्यावर जाणारी माहितीची ओळ बदला, असं एक वाक्य असेल. तिथे बसलीस की त्या एका वाक्याच्या पोटात काय काय दडलंय ते दिसेल. पासवर्ड त्याने तीन वेगवेगळ्या फाइलींत लिहून ठेवला असेल. डेटाबेसमध्ये पासवर्डसाठी वीस अक्षरांचा रकाना असेल आणि तुमचं टोकन त्याच्या कितीतरी पट लांब, म्हणजे ते शेवटी कापलं जाणार, आणि एरर येईल ती ‘टोकन चुकीचं आहे’ अशी. बिचारा दिवसभर टोकन परत परत कॉपी करत बसेल. टोकनची मुदत संपते हे त्याला माहीत नसेल, पासवर्ड तर कधी संपला नव्हता. आणि गोदामातल्या त्या जुन्या मशीनचं घड्याळ वीस मिनिटं मागे असेल, त्यामुळे टोकन कधी चालेल, कधी नाही.

यातलं निम्मं तरी तुला सापडेल. जे सापडेल तेच तुझ्या पत्रातला खरा मजकूर. आपण कोणाला ‘हे बदला’ म्हणतो तेव्हा त्याच्या आयुष्यातले काही तास मागत असतो. किती तास मागतोय हे मागणाऱ्याला माहीत असायला हवं. ते माहीत असलं की पत्राचा सूरच बदलतो. “कृपया लवकरात लवकर स्थलांतर करा” असलं काही तुझ्या हातून लिहिलंच जाणार नाही. तू लिहिशील, “आम्ही एका ग्राहकाकडे हे करून पाहिलं, साधारण दीड दिवस लागला, त्यातला अर्धा दिवस रकान्याच्या लांबीमुळे गेला, तेव्हा आधी ती तपासा.” असं पत्र आलं की समोरचा डेव्हलपर सावरून बसतो, कारण लिहिणारी त्या वाटेने जाऊन आली आहे हे त्याला कळतं.

दुसरं काम तुमच्या सर्व्हरच्या लॉगमध्ये आहे. जुनी पद्धत कोण वापरतंय हे तुला अंदाजाने ठरवायचं नाही, प्रत्येक रिक्वेस्ट ते सांगते. ग्राहकाप्रमाणे मोजून काढ, दिवसाला किती रिक्वेस्ट, शेवटची कधी आली. दोनशेतले शंभर-सव्वाशे अडकलेत असं वाटत असलं, तरी त्यात काही जण महिनोन्‌महिने न वापरलेले निघतील, आणि पंधरा-वीस जण असे निघतील की बहुतेक सगळी वाहतूक त्यांचीच. त्या पंधरा-वीस जणांना मेल नको, फोन. जे आधीच टोकनवर गेलेत त्यांना मात्र काहीच पाठवू नकोस. ज्याला लागू नाही अशी सूचना चार वेळा आली की माणूस पाचवी उघडत नाही, आणि पाचवी त्याच्यासाठीच असते.

आता पोचवायचं कुठे. मेल हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात कच्चं साधन आहे. सूचना तिथे दिसली पाहिजे जिथे त्या माणसाचे हात आत्ता चालू आहेत. पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा बनवणाऱ्यांनी यावर दोनदा मत बदललं, ते समजून घेण्यासारखं आहे. २०१० च्या २.७ आवृत्तीत त्यांनी डेप्रिकेशनच्या वॉर्निंग मुळात दिसेनाशा केल्या, कारण त्या तयार प्रोग्राम नुसता वापरणाऱ्या लोकांसमोर येत होत्या आणि त्यांना त्याचं करण्यासारखं काहीच नव्हतं. विचार चांगला होता. पण मग ज्यांनी कोड बदलायचा त्यांनाही त्या दिसेनात, आणि फंक्शन प्रत्यक्ष गेल्यावरच पत्ता लागायचा. २०१८ मध्ये ३.७ आवृत्तीत मधला रस्ता काढला. माणूस स्वतः जो मुख्य प्रोग्राम चालवतो त्यातल्या वॉर्निंग दिसणार, लायब्ररीच्या पोटातल्या नाहीत. माझ्या तुर्भ्याच्या शेठचं दुखणं नेमकं हेच होतं. आमची वॉर्निंग चुकीच्या माणसासमोर उभी होती.

कुबरनेटीस या, सर्व्हरवरचे प्रोग्राम सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरने २०२० मध्ये १.१९ आवृत्तीपासून केलं ते मला याहून आवडतं. जुनी एपीआय वापरणारी कमांड दिली की काम होतं, पण तिथल्या तिथे, कमांड देणाऱ्याच्याच स्क्रीनवर ओळ उमटते की ही अमुक आवृत्तीत जाणार, त्याऐवजी तमुक वापरा. काम अडत नाही आणि सूचना चुकत नाही.

तुझी एपीआय एचटीटीपीवर, म्हणजे वेबसाइटच्याच भाषेत चालते, तेव्हा तुझ्या हातात दोन प्रमाणित हेडर आहेत. ‘सनसेट’ हे २०१९ पासून आहे, त्यात बंद होण्याची तारीख आणि वेळ जाते. ‘डेप्रिकेशन’ हे २०२५ मध्ये प्रमाणित झालं, त्यात डेप्रिकेट झाल्याची तारीख जाते. जुन्या पद्धतीने आलेल्या प्रत्येक रिक्वेस्टच्या उत्तरात ही दोन्ही टाक, बरोबर माहितीच्या पानाचा दुवा. ज्यांच्याकडे मॉनिटरिंग आहे त्यांचं मशीनच ते पकडेल. भिवंडीत बहुधा मॉनिटरिंग नसेल. तिथे तुमची लायब्ररी उपयोगी पडेल. तिच्या नव्या आवृत्तीत जुन्या पद्धतीने लॉगिन केलं की दिवसातून एकदाच, फक्त एकदाच, ठळक ओळ येऊ दे. दर बिलामागे एक ओळ छापलीस तर माझ्यासारखंच होईल.

त्या ओळीत काय असावं? आत्ता तुमच्याकडे असेल ती अशी: “ही पद्धत डेप्रिकेटेड आहे.” त्याऐवजी असं काही:

“पासवर्डने लॉगिन २३ जूनला सकाळी ११ वाजता बंद होईल. टोकन वापरा. टोकन खात्याच्या ‘सेटिंग’ पानावर मिळतं, ते नव्वद दिवसांनी बदलावं लागतं. आधी डेटाबेसमधल्या रकान्याची लांबी तपासा. बिलाचा नमुना, पावती क्रमांक आणि बाकी सगळ्या रिक्वेस्ट आहेत तशाच राहतील. अडलं तर या नंबरवर फोन करा.”

आपल्या ट्रान्सहार्बरचा मेगाब्लॉक आठव. रविवारी ठाणे ते वाशी-नेरुळ, सकाळी ११.१० ते दुपारी ४.१०, अप आणि डाउन दोन्ही. कुठून कुठे, कधीपासून कधीपर्यंत, कुठल्या मार्गावर, आणि ज्या रविवारी हार्बर बंद असतो त्या दिवशी हेही सांगतात की ठाण्यामार्गे जायची मुभा आहे. ब्लॉक कशासाठी ते एका शब्दात उरकतात, ‘देखभाल-दुरुस्ती’, कारण प्रवाशाला ऐरोलीहून पनवेलला लग्नाला कसं पोचायचं ते हवं असतं. तुझ्या तीन मेलमध्ये मला वाटतं उलटं झालं असेल. आधी दोन परिच्छेद टोकन कसं सुरक्षित आहे याचे, आणि तारीख तळाशी.

कारण सांगूच नको असं मी म्हणत नाही. दोन वाक्यांत खरं कारण सांग. पासवर्ड दर रिक्वेस्टबरोबर फिरतो, एखाद्या लॉगमध्ये उतरला तर पूर्ण खातं दुसऱ्याच्या हातात जातं, टोकन मात्र एकटं रद्द करता येतं. झालं.

वरच्या नमुन्यात ‘आहेत तशाच राहतील’ असं जे वाक्य आहे, ते मी हौसेने घातलेलं नाही. २०२० च्या डिसेंबरात कुबरनेटीसने जाहीर केलं की डॉकर या, प्रोग्राम डब्यात बंद करून चालवणाऱ्या सॉफ्टवेअरशी जोडणारा आतला एक भाग डेप्रिकेट होतोय. लोकांनी वाचलं ‘डॉकर जाणार’, आणि एकच घबराट उडाली, आपल्या सगळ्या इमेज (असे बंद केलेले प्रोग्राम) आता फेकायच्या का म्हणून. खरं तर डॉकरने बनवलेल्या इमेज पुढेही चालणारच होत्या. शेवटी त्यांना ‘घाबरू नका’ असं वेगळं निवेदन काढावं लागलं. तो भाग २०२२ च्या मेमध्ये प्रत्यक्ष गेला. काय जाणार हे सांगताना काय राहणार हे सांगितलं नाही, तर समोरचा माणूस सगळंच जाणार असं धरून चालतो. घाबरलेला माणूस काम पुढे ढकलतो, हे तू पाहतेच आहेस.

आता तारीख. तुझ्या सरांना माझा निरोप दे, ३१ मार्च नको. अगं, वाहतूक आणि बिलांच्या धंद्यात आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस! त्या दिवशी तुमच्या ग्राहकांकडे शिपायापासून शेठपर्यंत सगळे बिलंच काढत असतात. एप्रिलमध्ये हिशेब बंद करायची धावपळ असते. मेमध्ये निम्मी माणसं मुलाबाळांना घेऊन गावी गेलेली असतात. दर महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं भरायची असतात, तेव्हा त्या आधीचे दोन-तीन दिवस सोडून द्यायचे. गणपतीच्या आठवड्यात तर काही काढायचंच नाही. ठाण्यातला अर्धा डेव्हलपर वर्ग त्या दिवसांत कोकणात असतो, आणि नेमका ज्याला तो प्रोग्राम माहीत आहे तोच सावंतवाडीच्या पुढे, रेंज नसलेल्या वाडीत. म्हणून मी जूनमधली २० नंतरची तारीख धरली. मंगळवार किंवा बुधवार बघ, सकाळी अकराच्या सुमाराला, म्हणजे काही मोडलं तर दिवसाचा उजेड आणि ऑफिसातली माणसं दोन्ही हाताशी असतात. पाऊस सुरू झालेला असेल, लोकल अडकल्या तर घरून काम करता येईल एवढी तयारी ठेवा.

आणि एकदा दिलेली तारीख पाळायची. हे मी जरा कठोरपणे सांगते. पायथॉन २ चा शेवट आधी २०१५ ला ठरला होता, तो १ जानेवारी २०२० वर नेला. एवढ्या पसाऱ्याला ती मुदत लागणारच होती आणि त्यांनी ती एकदाच, वर्षभर आधी सांगून, पाच वर्षांनी वाढवली. तेही मला समजतं. पण महिना महिना करत तारीख पुढे सरकवत गेलीस, तर जे ग्राहक वेळेत बदलले त्यांना तू फसवलंस असं होतं. पुढच्या वेळी ते तुझ्या तारखेची वाट बघणार नाहीत, तुझ्या घाबरण्याची बघतील.

मग २३ जूनला अचानक घाव घालायचा का? नाही. गिटहब या, डेव्हलपरांचा कोड ठेवणाऱ्या वेबसाइटने २०२१ मध्ये अगदी तुझ्यासारखंच काम केलं, कोड पाठवताना पासवर्ड चालणं बंद करून टोकन सक्तीचं केलं. १३ ऑगस्टला ते कायमचं बंद झालं, पण त्याआधी जाहीर करून, ठरलेल्या वेळी, काही तास ते मुद्दाम बंद ठेवून परत चालू केलं होतं. आपल्याकडे महापालिका पाणी बंदची सूचना देते ना, तसं. ‘बुधवारी पाणी येणार नाही’ असं कळलं की गच्चीतली टाकी गळते आहे हे त्या दिवशी कळतं, आणि गुरुवारी नळाला पाणी येतं. तूही तसंच कर. एप्रिलच्या शेवटी एका दिवशी अर्धा तास, मेमध्ये दोनदा दोन-दोन तास, जूनच्या पहिल्या आठवड्यात एक पूर्ण सकाळ. प्रत्येक वेळी आधी कळवून, आणि त्या वेळात तुमच्याकडचा फोन उचलायला माणूस बसवून. ज्यांना तुझे मेल पोचलेच नाहीत ते त्या अर्ध्या तासात आपणहून फोन करतील. टेस्ट सर्व्हरवर भिवंडीबाबत हेच झालं की नाही बघ. तुला ते संकट वाटलं. मला वाटतं तेवढी एकच सूचना त्याच्यापर्यंत खरी पोचली, फक्त तुझ्या बाजूने ती ठरवून दिलेली नव्हती.

त्या वेळात येणारी एररही बोलकी हवी. नुसता ४०१ (लॉगिन नाकारलं) हा क्रमांक आला तर तो पासवर्ड बदलत बसेल. “ही चाचणी आहे, दुपारी एकला पूर्ववत होईल, २३ जूनला कायमचं बंद” असं त्या उत्तरातच लिहा.

अजून एक गोष्ट राहिली, आणि ही तुझ्या सरांशी बोलायची. काही ग्राहकांकडे आता डेव्हलपरच नाही. कोणीतरी एकदा प्रोग्राम लिहून गेला आणि तो चालतोय. त्यांना कितीही छान पत्र लिही, वाचून काही करणारा माणूस तिथे नाही. त्यांच्यासाठी लायब्ररीची नवी आवृत्ती अशी काढा की बाहेरून सगळं जुनंच दिसेल आणि आतल्या आत ती एकदाच पासवर्ड देऊन टोकन घेईल, मुदत संपली की नवं घेईल. ग्राहकाने फक्त फाइल बदलायची. हार्बरवर २०१६ च्या एप्रिलमध्ये ओव्हरहेड वायरचा प्रवाह दीड हजार व्होल्ट डीसीवरून पंचवीस हजार व्होल्ट एसीवर गेला. एवढा मोठा बदल, पण वाशीच्या प्लॅटफॉर्मवर उभ्या असलेल्या माणसाला पास बदलावा लागला नाही की डबा. कारण दोन्ही प्रवाहांवर धावणाऱ्या गाड्या रेल्वेने आधीच आणून ठेवल्या होत्या. जो बदल आपण आपल्या अंगावर घेऊ शकतो तो दुसऱ्याच्या अंगावर टाकू नये, एवढं सरांना पटव. त्यांना आकड्यांत सांग. लायब्ररीचं काम तुमच्या एका माणसाचे दोन आठवडे असेल. तेच काम ग्राहकांवर टाकलं तर चाळीस ठिकाणी दीड-दीड दिवस, आणि वर दीडशे फोन, जे तूच घेणार.

सरांवर रागावू नकोस. ‘आपण कळवलंय’ हे ते स्वतःला धीर द्यायला म्हणतायत, आणि जुनी पद्धत काढायची त्यांना घाई आहे ती योग्यच आहे. पासवर्ड असा उघडा फिरणं धोक्याचं आहे. नवीन ग्राहकांना ती पद्धत आजच बंद करा, त्यासाठी जूनपर्यंत थांबायचं काही कारण नाही. तेवढं केलंत तरी त्यांचा अर्धा जीव भांड्यात पडेल.

राहता राहिलं ते फोनवरचं बोलणं. तो माणूस ओरडला ते तुझ्यावर नाही. त्याच्या मागे त्याचा शेठ उभा होता, आणि जे त्याला माहीतच नव्हतं त्याबद्दल त्याला जाब विचारला जात होता. अशा वेळी मी पूर्वी मेल पाठवल्याचे पुरावे काढून दाखवायची, तारखेसकट. त्याने कधीच कोणाचं समाधान झालं नाही. आता मी आधी विचारते, “सध्या तुमच्याकडे काय अडलंय?”

त्या भिवंडीच्या डेव्हलपरला तूच फोन कर. मेल चुकीच्या पत्त्यावर गेले हे सांग, त्याचा स्वतःचा पत्ता आणि नंबर मागून घे, आणि एक दिवस त्याच्याकडे जाऊन बसायची वेळ ठरव. सकाळी साडेअकराच्या आत नको करूस, त्या वेळी गोदामावर गाड्या भरत असतात आणि त्याचे दोन्ही हात त्यातच असतात. जेवणानंतर, तीनच्या सुमाराला कर.